शुभ लागेपर्यंत

घड्याळ चुकलं तर माणसाची एक गाडी चुकते. चौघडिया चुकला तर सात पिढ्यांची चुकते.

हे वाक्य लालचंदशेठ यांचं स्वतःचं होतं आणि त्यांचं त्यावर स्वतःच्या दुकानाइतकं प्रेम होतं. एकदा जळगावच्या फलाटावर एका ओळखीच्या वकिलाला ते हे वाक्य नीट फोड करून समजावत असताना त्यांच्या पाठीमागून त्यांची गाडी निघून गेली होती. घरी परतल्यावर त्यांनी पंचांग पाहिलं. गाडी सुटली तेव्हा रोग नावाचा चौघडिया चालू होता. बरं झालं नाही बसलो, असं म्हणून त्यांनी सात पिढ्यांच्या वतीने समाधान मानलं.

चोपड्याच्या बाजारपेठेत त्यांचं साड्यांचं दुकान. मारवाडी जैन कुटुंब, चौथी पिढी खानदेशात. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, बँकेत मराठी आणि पंचांगाशी मनातल्या मनात, अशी त्यांची भाषांची वाटणी होती. दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ असे वेळेचे तुकडे पाडून त्यांना नावं देतात, ते चौघडिये. शुभ, लाभ, अमृत हे चांगले. चल हा कामापुरता बरा. काळ, रोग आणि उद्वेग या तिघांत आपण गप्प बसायचं आणि दुसऱ्याला हात पोळून घेऊ द्यायचे. लालचंदशेठ शटर लाभात उघडत, सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन अमृतात लावत आणि उद्वेगात गिऱ्हाईक आलंच तर त्याला पाणी पाजून, घरच्या म्हशीपर्यंत चौकशी करून, चल लागेपर्यंत गादीवर बसवून ठेवत. गिऱ्हाइकाला वाटे, शेठ फार मायाळू.

एकच काम कुठल्याही चौघडियात होत नव्हतं. मुलाचं लग्न.

संयम तिशीला आला होता. इंजिनियर होऊन दुकानात बसला होता, दिसायला नीट होता, सुपारीसुद्धा खात नव्हता. स्थळं येत, पत्रिका जुळे, आणि मग निरोप येई : मुलगा चांगला, घर चांगलं, पण चोपडा... त्या पणच्या पुढे कोणी काही बोलत नसे. लालचंदशेठना ते पुढचं कधी ऐकावंसंही वाटलं नव्हतं, कारण त्यांच्या मते कारण उघड होतं. प्रत्येक वेळी पहिली नजरानजर चुकीच्या चौघडियात झाली होती.

मग धुळ्याच्या प्रेमराजकाकांनी शिंदखेड्याचं स्थळ आणलं. प्रेमराजकाका हे समाजात लग्नं जमवून देणारे गृहस्थ. स्वतःची तिन्ही मुलं त्यांनी इतक्या लवकर उजवली होती की आता दुसऱ्यांच्या मुलांवाचून त्यांना चैन पडत नव्हतं. शिंदखेड्याला रुपचंदजींची धान्याची आडत. त्यांची मुलगी जिनल, सुरतेला एका सीएच्या ऑफिसात नोकरीला. सोमवारी पहाटेच्या गाडीने जायची, शुक्रवारी रात्री घरी. तिची एकच अट होती. पोह्यांची बशी घेऊन, मान खाली घालून मी बाहेर येणार नाही. कुठेतरी सहज भेटू. जमलं तर जमलं.

प्रेमराजकाकांनी हा सहजपणा फार मनावर घेतला. रुपचंदजींचं कुटुंब चातुर्मास संपल्यावर, जिनलच्या रजेत, पचमढीला जाणारच होतं. तिथे राष्ट्रीय उद्यानातल्या धूपगडावर, सगळी दुनिया सूर्यास्त बघते त्या जागी, रविवारी संध्याकाळी दोन्ही कुटुंबांची योगायोगाने गाठ पडावी, असं त्यांनी फोनवरून ठरवलं.

लालचंदशेठनी पंचांग काढलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रविवारी दिवसाचा शेवटचा चौघडिया उद्वेग. मग बोट खाली सरकलं आणि चेहरा पुन्हा वर आला. सूर्य मावळला की रात्र सुरू, आणि रविवारच्या रात्रीचा पहिला चौघडिया शुभ.

"म्हणजे काय, काका, सूर्य बुडाला रे बुडाला की योगायोग करायचा. त्याच्याआधी नाही."

"आणि आधी कुठे समोरासमोर आलो तर?" प्रेमराजकाकांनी विचारलं.

"ओळख दाखवायची नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यांनी मला पाहिलेलं नाही."

"अहो, फोटो गेलेत ना इकडून तिकडे."

"फोटो वेगळा. नजरानजर वेगळी. तुम्ही त्यांनाही तसं बजावून सांगा."

दुकानातला जुना माणूस कौतिक थप्पीवरच्या साड्या झटकत हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "शेठ, पचमढी म्हंजे कोनता डोंगर?"

"सातपुडा."

"सातपुडाच पाहाना शे तं आपली गच्चीवर चढा ना. फुकट शे."

हे खरं होतं. चोपड्यात गच्चीवर पापड वाळत घालायला गेलेल्या बाईलाही सातपुडा दिसतो. पण गच्चीवर योगायोग होत नाही, एवढंच लालचंदशेठ म्हणाले आणि अमृत पाहून त्यांनी तिकिटं काढली.

चोपड्याला रेल्वे नाही, त्यामुळे शनिवारी आधी भाड्याच्या गाडीने भुसावळ. फलाटावर बसले असताना संयमने घसा साफ केला. "पप्पा, सुरतच्या गाळ्याचं तुमच्याशी बोलायचं होतं. मार्केटमधला एक गाळा..."

"आत्ता काय चालू आहे?" लालचंदशेठनी खिशातलं चौघडियांचं कार्ड काढलं. "काळ. नंतर बोल."

"तुम्ही दिवाळीलाही नंतर म्हणालात."

"दिवाळीला तू बोललास तेव्हा उद्वेग होता. मी मुद्दाम पाहिलं होतं."

संयमने आईकडे पाहिलं. चंद्रकांताबाईंनी डब्याच्या पिशवीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली. त्यांच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि या विषयावर त्या फक्त एकदाच बोलल्या होत्या. "आपलं लग्न लागलं तेव्हा काय चालू होतं हो?" असं त्यांनी विचारलं होतं. "लाभ," लालचंदशेठ अभिमानाने म्हणाले होते. "कोणाचा?" असं विचारून त्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

गाडी उशिरा पोचली. पिपरियाला उतरून, टॅक्सीने घाट चढून, हॉटेलात सामान टाकून, उद्यानाच्या परवान्याच्या रांगेत उभं राहीपर्यंत रविवारचा लाभ गाडीत गेला होता आणि अमृत रांगेत. परवाना हातात पडला तेव्हा काळ लागला होता. उद्यानात आपली गाडी नेता येत नाही, तिथली जिप्सी घ्यावी लागते. जिप्सीच्या ड्रायव्हरने कानात काडी फिरवत पॉइंटांची यादी म्हणून दाखवली.

"पहले हांडी खोह, फिर महादेव, लौटते में प्रियदर्शिनी, आखिर में धूपगढ़।"

"हमको सिर्फ धूपगढ मंगता है," लालचंदशेठ म्हणाले.

"सिर्फ धूपगढ़ नहीं होता सेठजी। पैकेज है। बीच के छोड़ोगे तो भी देखे हुए ही गिने जाएँगे।"

व्यापाऱ्याला हे पटण्यासारखं होतं. ते चढून बसले. पण बसण्याचं त्यांना सुख नव्हतं. डावा पाय आपोआप हलत होता, हात दर वळणाला खिशाकडे जात होता. अजून काळ, मग शुभ, मग रोग, मग उद्वेग, मग सूर्यास्त. इतका लांब दिवस त्यांनी दुकानात कधी पाहिला नव्हता.

हांडी खोह म्हणजे एक खोल दरी. कठड्याला लोक असे लटकले होते, जणू खाली कोणाचं तरी काहीतरी पडलं आहे. लालचंदशेठ पुढे झाले, दरीत डोकावले, मान वर केली आणि समोर रुपचंदजी. फोटोतलाच चेहरा, फोटोतलाच मफलर. शेजारी त्यांच्या पत्नी कमलबाई, आणि पलीकडे जीन्स आणि पांढरा सदरा घातलेली मुलगी.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. लालचंदशेठनी पाठ फिरवली. रुपचंदजींनीही फिरवली, प्रेमराजकाकांनी त्यांना बजावून ठेवलेलं दिसत होतं. आता दोन प्रतिष्ठित गृहस्थ दरीकडे पाठ करून, एकमेकांकडेही पाठ करून, पार्किंगमधल्या गाड्या निरखत उभे राहिले. लालचंदशेठसमोर एक फलक होता. त्यांनी दरीची हिंदीतली माहिती वाचली, मग इंग्रजीतली वाचली, तरी मागची मंडळी हलेनात म्हणून "कचरा न फेकें" हेही दोनदा वाचलं.

"अहो," चंद्रकांताबाई हळूच म्हणाल्या, "बाई हसतेय माझ्याकडे बघून. मी काय करू?"

"दरीत बघ."

"आणि संयम?"

लालचंदशेठनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. संयम कठड्याशी उभा होता आणि ती मुलगी त्याच्यासमोर मोबाइल धरून उभी होती.

"जरा फोटो काढता का माझा?" ती म्हणाली.

"हो. काढतो."

"तुम्ही चोपड्याचे ना?"

"नाही. म्हणजे हो. पण आत्ता नाही."

"असं का? मग कधी?"

"सूर्य मावळल्यावर."

ती हसली. फोटो निघाला. फोटोत दरी नव्हती, पण ती चांगली आली होती. "चोपड्याला यायचं म्हणजे कुठल्या स्टेशनवर उतरायचं हो?" तिने विचारलं.

"अमळनेर. नाहीतर धरणगाव. तिथून एसटी. पण खरं म्हणजे..."

"संयम!" लालचंदशेठ फलकाकडे बघतच ओरडले. "काळ चाललाय!"

आजूबाजूच्या चारपाच पर्यटकांनी वर आकाशात पाहिलं.

जिप्सीत बसताना लालचंदशेठनी ड्रायव्हरला सांगितलं की ती पुढची पांढरी जिप्सी जिथे जाईल, तिथे आपण जायचं नाही. ड्रायव्हर म्हणाला, ती माझ्या साल्याची आहे, आम्ही दोघं जोडीनेच चालतो, एकाचं टायर बसलं तर दुसरा असतो. म्हणजे दिवसभर हाच खेळ. लालचंदशेठनी डोळे मिटले आणि नवकार मंत्र म्हटला. अर्ध्यावर डोळे उघडून वेळ पाहिली.

महादेवाच्या गुहेपाशी पोचले तेव्हा त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि ते भर गर्दीत थांबले. "चंद्रकांता! आत्ता शुभ लागलाय. आत्ताच!"

"मग?"

"मग धूपगडची वाट कशाला बघायची? इथेच करून टाकू. योगायोग काय, कुठेही होतो. नीट कर पदर. संयम, केस विंचर."

तिघं केस, पदर, कॉलर सावरून वाहनतळाच्या तोंडाशी रांगेत उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक जिप्सीकडे लालचंदशेठ चेहऱ्यावर आश्चर्य आणून बघत होते. "अरे, तुम्ही इथे!" हे वाक्य त्यांनी ओठांवर आणून ठेवलं होतं. नागपूरचं एक कुटुंब उतरलं, भोपाळच्या कॉलेजची पोरं उतरली, एक म्हातारे साधू उतरले. आश्चर्य हळूहळू चेहऱ्यावर वाळून गेलं. शेवटी त्यांनी ड्रायव्हरला साल्याला फोन लावायला सांगितलं.

"पंचर हो गई। टायर बदल रहा है।"

"कितना टाइम?"

"बस, हो गया समझो।"

हे बस-हो-गया फार लांबलं. लालचंदशेठ रस्त्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. एका माकडाने त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या आणि कंटाळून निघून गेलं. संयम आईला म्हणाला, "मम्मी, मी पप्पांना आत्ता गाळ्याचं सांगू का? शुभ आहे."

"सांग बाबा."

संयम वडिलांच्या मागे गेला. "पप्पा, सुरतला मी..."

"अरे थांब, इथे जीव वर-खाली होतोय आणि तुला सुरत सुचतेय!"

पांढरी जिप्सी वळणावर दिसली तेव्हा लालचंदशेठनी घाईने कार्ड पाहिलं. रोग लागला होता. नुकताच. पुढे निघालेल्या चंद्रकांताबाईंचा पदर त्यांनी मागून धरला. रुपचंदजी उतरले, त्यांनी यांना पाहिलं आणि इमानदारीने तोंड फिरवून ते झाडाची साल बघू लागले. कमलबाई मात्र यावेळी उघड हसल्या आणि चंद्रकांताबाईंनीही, पदर नवऱ्याच्या मुठीत असताना, हसून घेतलं.

प्रियदर्शिनी पॉइंटवर सातपुडा पसरलेला होता. डोंगरामागे डोंगर, त्यामागे निळा डोंगर, त्यामागे डोंगर आहे की धूर हे न कळणारं काहीतरी. लालचंदशेठचं तोंड डोंगराकडे होतं, पण कान उजवीकडे होते. तिथे जिनल पुन्हा संयमपाशी आली होती आणि यावेळी तिने फोटोचं निमित्तही घेतलं नव्हतं.

"मी सरळच बोलते," ती म्हणत होती. "मला सोमवारी सकाळी सुरतला पोचावं लागतं. नोकरी मी सोडणार नाही. शिंदखेड्याला घरातून निघाले की गाडीत बसते. चोपड्याहून मला पहाटे आधी एसटी धरावी लागेल, मग अमळनेर. तुमचं त्यावर काय म्हणणं आहे, तेवढं मला ऐकायचंय."

लालचंदशेठना वाऱ्यामुळे यातलं सुरत एवढंच ऐकू आलं. साड्यांबद्दल बोलतेय, त्यांना वाटलं. मुलगी धंद्यात लक्ष घालणारी आहे. त्यांच्या मनाला गुदगुल्या झाल्या, आणि त्याच क्षणी धडकीही भरली. इतकं चांगलं चाललेलं बोलणं रोगात चाललं होतं.

"त्याचं असं आहे," संयम म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला होता. "मीच..."

"माकड!" लालचंदशेठ किंचाळले. "संयम, माकड! मागे हो!"

सगळा पॉइंट मागे हटला. एका बाईने पर्स छातीशी धरली. जिनलने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर झाडात पाहिलं. "कुठेय?" ती म्हणाली. माकड नव्हतं. लालचंदशेठनी मुलाच्या दंडाला धरून त्याला जिप्सीकडे चालवलं.

"पप्पा, ती एक विचारत होती. मला उत्तर तरी देऊ द्या."

"आता थोडंच राहिलंय. धूपगडावर सगळी उत्तरं दे. निवांत, शुभात, चांगला दीड तास आहे शुभ."

धूपगड हे सातपुड्याचं सगळ्यात उंच शिखर. वर पोचले तेव्हा उद्वेग लागून बराच वेळ झाला होता आणि सूर्य अजून चांगला हातभर वर होता. आता आणखी एक अडचण. दोन्ही घरं चोविहार पाळणारी; सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. म्हणजे जे काही पोटात घालायचं ते सूर्याच्या देखत घालायला हवं होतं. शेकडो लोक पश्चिमेकडे मोबाइल धरून उभे होते, आणि त्यांच्या मागे, गवतावर, दोन कुटुंबं एकमेकांकडे पाठ करून घाईघाईने पुऱ्या खात होती. मधूनमधून रुपचंदजी वळून सूर्याकडे बघत, मधूनमधून लालचंदशेठ. दोघांची नजर चुकून सूर्यावरच एकत्र येई आणि पुन्हा डब्यात जाई. पलीकडून कैरीच्या लोणच्याचा वास येत होता.

"वास ओळखीचा आहे," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "आपल्यासारखंच मेथी भाजून घालतात. मागून घेऊ का थोडं?"

"शुद्धीवर आहेस का?"

शेवटचा घोट पाणी पिऊन लालचंदशेठ उठले. स्टँडवर बस उभी असताना लोक ड्रायव्हरकडे बघतात, तसे ते सूर्याकडे बघत होते. आता निघेल, मग निघेल. सूर्याला घाई नव्हती. तो तांबडा झाला, मोठा झाला, लोकांनी त्याला चिमटीत धरून, तळहातावर घेऊन फोटो काढले. मग डोंगराला टेकायच्या बऱ्याच आधी, मधल्या धुरकटात, तो विरून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वनखात्याच्या माणसाने जोरात शिट्टी फुंकली.

"चलिए, चलिए! नीचे चलिए! सूर्यास्त के बाद रुकना मना है!"

रुपचंदजी उठून हसतमुखाने या बाजूला वळले होते. त्यांनी हातसुद्धा जोडले होते. लालचंदशेठनी झटकन पाठ केली.

"अहो, काय करताय?" चंद्रकांताबाई म्हणाल्या. "मावळला ना तो!"

"मावळला नाही. धुरात गेलाय. धुराच्या मागे आहे अजून. पंचांगाप्रमाणे अजून उद्वेगच आहे."

"पप्पा, सगळे निघाले."

"जाऊ दे. शिट्टी काय, कोणी पण वाजवेल."

रुपचंदजी जोडलेले हात तसेच घेऊन थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनी ते खिशात घातले. शिट्ट्या वाढल्या. खाली जिप्सींची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, दोन्ही ड्रायव्हर, मेव्हणेमेव्हणे, एकत्रच बोलवायला वर आले होते. लालचंदशेठ कार्डावर नजर रोवून उभे होते. मग त्यांनी दीर्घ श्वास घेतला, गर्रकन वळले आणि त्यांनी गुहेपाशी ओठांवर आणून ठेवलेलं आश्चर्य बाहेर काढलं.

"अरे! रुपचंदजी! तुम्ही इथे?"

"अरे! लालचंदजी!" रुपचंदजींना हे म्हणताना जरा श्रम पडले. "जय जिनेंद्र. काय योगायोग!"

"हा आमचा संयम."

"ही जिनल."

"सेठजी, चलना पड़ेगा," लालचंदशेठचा ड्रायव्हर म्हणाला. "गार्ड परमिट पे लिख देगा।"

"एक मिनिट, भाऊ! चंद्रकांता, बर्फी काढ. घ्या, घ्या, तोंड गोड करा."

कमलबाईंनी हात मागे घेतला. "सूर्य मावळला ना," त्या म्हणाल्या. "आता कसं घेणार?"

बर्फीचा डबा लालचंदशेठच्या हातात उघडाच राहिला. संयम पुढे झाला. "जिनल, ते तुम्ही विचारलं होतं ना..." तो म्हणाला, आणि गार्ड दोन पावलांवरून शिट्टी फुंकत आला. शिट्टीत पुढचं वाक्य बुडालं. जिनलने कानाला हात लावून "काय?" असं विचारलं. तिच्या ड्रायव्हरने तिला एकीकडून नेलं, याच्या ड्रायव्हरने याला दुसरीकडून. उतारावर जिप्सींची एकच रांग, पुढच्याला मागे येता येत नाही, मागच्याला पुढे जाता येत नाही. पांढरी जिप्सी पार पुढे होती. हॉटेलं वेगळी होती आणि रुपचंदजींना दुसऱ्या दिवशी जबलपूर होतं.

परतीच्या वाटेवर लालचंदशेठचा पाय हलत नव्हता. कित्येक दिवसांनी ते शांत बसले होते. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "बरोब्बर शुभात. एक क्षणसुद्धा आधी नाही."

मंगळवारी प्रेमराजकाकांचा फोन आला. लालचंदशेठनी तो स्पीकरवर टाकला, कारण चालू चौघडिया लाभ होता.

"माणसं फार आवडली," प्रेमराजकाका म्हणाले. "मुलगा आवडला. जिनल म्हणाली, साधा आहे, चांगला आहे. पण लालचंदजी, तिने दोनदा एक गोष्ट विचारली, म्हणे, आणि दोन्ही वेळा मुलगा बोलणं अर्धवट टाकून निघून गेला. तिला वाटतं त्याच्या मनात नसावं. नोकरी सुरतची. आणि चोपड्याला रेल्वे नाही."

त्यांनी फोन दुकानाच्या गादीवर ठेवला. त्या पणच्या पुढचं लालचंदशेठनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"तुला दोनदा विचारलं?" ते संयमला म्हणाले.

"दोनदा."

"मग सांगायचं ना काहीतरी!"

"सांगत होतो. पहिल्यांदा काळ होता. दुसऱ्यांदा माकड होतं."

"काय सांगणार होतास?"

"हेच की मीच सुरतला राहणार आहे. मार्केटात गाळा बघून ठेवलाय. तिकडून माल मी पाठवीन, इथलं दुकान तुम्ही आणि कौतिकभाऊ बघाल. तिला चोपड्यातून जा-ये करायची गरजच नाही. मम्मीला माहितीये. तुम्हाला भुसावळला सांगत होतो, महादेवाच्या गुहेपाशी सांगत होतो."

लालचंदशेठ गादीवर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. त्यांना पोराचा राग आला नाही, हेच त्यांना फार अवघड गेलं.

"मग आत्ता लावा ना फोन," डबा घेऊन आलेल्या चंद्रकांताबाई म्हणाल्या. "काकांना म्हणावं, असं असं आहे. एका वाक्याचं काम."

लालचंदशेठचा हात फोनकडे गेला. अर्ध्या वाटेत तो वळला आणि खिशात गेला. लाभ संपत आला होता. पुढे अमृत होता, पण मंगळवार हा मुळातच त्यांना लग्नाच्या बोलण्याला पसंत नव्हता. बुधवारी प्रेमराजकाका नाशिकला असतात. गुरुवारी मात्र सूर्य उगवताच शुभ.

"गुरुवारी," ते म्हणाले. "इतका उशीर झाला, आता चुकीच्या वेळी नको करायला. गुरुवारी सकाळी, पहिल्या शुभात."

"शेठ," कौतिक थप्पीमागून म्हणाला, "फोनले बी मुहूर्त लागस का?"

"लागस!" लालचंदशेठ ओरडले.

दोन दिवस ते दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. गिऱ्हाइकाने जांभळी मागितली की हिरवी दाखवत. बुधवारी संध्याकाळी ते गच्चीवर गेले आणि उत्तरेला सातपुडा बघत उभे राहिले. सूर्य पश्चिमेला केळीच्या बागांमागे मावळला. धूपगडापेक्षा स्वच्छ मावळला, कोणी शिट्टी वाजवली नाही. चंद्रकांताबाई वर आल्या आणि म्हणाल्या, आता तरी. ते म्हणाले, सकाळी.

गुरुवारी कोवळं ऊन दुकानाच्या पायरीवर पडताच त्यांनी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गाळा, सुरत, संयम, काळ, रोग, माकडसुद्धा सांगितलं. प्रेमराजकाकांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही, आणि यावरूनच लालचंदशेठना कळायला हवं होतं.

"लालचंदजी," शेवटी ते म्हणाले, "जिनलचं काल ठरलं."

"काल? किती वाजता?"

"दुपारी. जेवणं झाल्यावर."

लालचंदशेठनी कार्डावर बोट ठेवलं. बुधवार, दुपार, जेवणानंतर. उद्वेग.

"उद्वेगात ठरलं?" त्यांचा आवाज एकदम चढला. "काका, ते टिकायचं नाही. कुठला आहे मुलगा?"

"नंदुरबारचा."

"काय बघितलं त्यांनी त्या मुलात?"

"मुलगा साधाच आहे," प्रेमराजकाका म्हणाले. "पण नंदुरबारला रेल्वे आहे."